शेवाळाला कोणता उजेड हवा? समुद्री टाकीच्या गाळणीसाठी एलईडीचा रंग निवडताना

 

अल नस्रसारख्या वस्तीत फ्लॅटमध्ये राहताना दारात अंगण नसतं, परसात बाग नसते. मग कुणी गॅलरीत कुंड्या ठेवतं, आणि कुणी हॉलच्या कोपऱ्यात चक्क समुद्र मांडतं. खाऱ्या पाण्याची टाकी, दोन-चार मासे आणि थोडी जिवंत प्रवाळं. हा छंद खर्चिक आहे आणि नाजूकही आहे. त्यात चूक झाली की नुसते पैसे जात नाहीत, जीव जातात. म्हणून आजचा विषय वरवर किरकोळ वाटला तरी नीट ऐका. प्रश्न असा आहे: टाकीच्या खाली शेवाळाची गाळणी बसवायची, तर तिच्यावर कोणत्या रंगाचा एलईडी दिवा लावायचा? दुकानात जांभळा दाखवतात, लाल दाखवतात, साधा पांढराही दाखवतात. किमतीत भरपूर फरक असतो, आणि प्रत्येक विक्रेता आपलाच दिवा खरा म्हणून सांगतो.

उत्तर आधीच सांगून टाकते. मुख्य उजेड लाल, त्यात निळा मिठापुरता. ते नाही जमलं तर पिवळसर पांढरा साधा दिवाही चालतो. पण रंगापेक्षा उजेड किती आणि किती तास, हे जास्त महत्त्वाचं. आता हे असं का, ते पाहू.

(छोटी धून)

आधी ही गाळणी म्हणजे काय ते समजून घेऊ.

माशांना आपण रोज खायला घालतो. त्यातलं काही माशांच्या पोटात जातं, काही तळाशी कुजतं. दोन्हीकडून शेवटी अमोनिया तयार होतो. टाकीतले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया विषारी असतो, त्या मानाने नायट्रेट सौम्य. पण बहुतेक टाक्यांत जिवाणूंचं काम नायट्रेटपाशी थांबतं आणि ते साठत राहतं. अन्नातला फॉस्फेटही साठतो. या दोन्ही गोष्टी म्हणजे शेवाळाचं खत. खत साठलं की शेवाळ काचेवर, दगडांवर आणि प्रवाळांवर चढतं, आणि प्रवाळं गुदमरतात.

शेवाळाच्या गाळणीची युक्ती साधी आहे. शेवाळ कुठेतरी वाढणारच, तर आपण ठरवू तिथे वाढू दे. टाकीच्या खालच्या कपाटात एक दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. तिथे एक खरखरीत प्लॅस्टिकची जाळी उभी टांगायची, तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सतत वाहू द्यायचा आणि दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे. जाळीवर हिरवं शेवाळ माजतं आणि नायट्रेट-फॉस्फेट खातं. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी जाळी काढून ते खरवडून फेकायचं. आपण हाताने जे शेवाळ बाहेर काढतो, तेवढंच खत टाकीतून बाहेर जातं. काही लोक जाळीऐवजी सम्पच्या एका कप्प्यात चेटोमॉर्फा नावाचं शेवाळ ठेवतात. मासेमारीच्या हिरव्या दोऱ्याचा गुंता असावा तसं ते दिसतं. तत्त्व तेच.

ही कल्पना अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी पुढे आणली. प्रवाळखडकांवर लव्हाळीसारखा शेवाळाचा जो बारीक थर असतो, तोच तिथलं पाणी स्वच्छ ठेवायला मोठा हातभार लावतो, हे त्यांनी पाहिलं होतं. १९८२ मध्ये त्यांना या गाळणीचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल इथे १९८७ मध्ये जिवंत प्रवाळांचं भलंमोठं मत्स्यालय उघडलं, तिथेही ही पद्धत वापरली होती. त्या काळी या कामाला पुरतील इतके प्रखर एलईडी नव्हते. मोठाले, तापणारे दिवे लावावे लागत. आज तेच काम मोबाइलच्या चार्जरएवढ्या विजेत होतं, आणि म्हणूनच रंगाचा प्रश्न उभा राहिला, कारण एलईडीत आपल्याला हवा तो रंग निवडता येतो.

(छोटी धून)

आता रंगाकडे येऊ.

१८८२ च्या सुमारास थिओडोर एंगेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग केला. त्याने शेवाळाचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि लोलकातून आलेला सप्तरंगी पट्टा त्याच्यावर पाडला. म्हणजे धाग्याच्या एका टोकाला लाल उजेड, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, आणि दुसऱ्या टोकाला निळा-जांभळा. पाण्यात त्याने प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. शेवाळ जिथे जास्त अन्न तयार करील, तिथे जास्त प्राणवायू सुटेल आणि जिवाणू तिथे गोळा होतील. जिवाणू दोन ठिकाणी दाटले: लाल भागात आणि निळ्या भागात. हिरव्या भागात तुरळक होते.

याचं कारण हरितद्रव्य. ते लाल आणि निळा उजेड गिळतं, हिरवा बराचसा परत पाठवतं. म्हणून तर शेवाळ आपल्याला हिरवं दिसतं. उजेडाचा रंग तरंगलांबीने मोजतात आणि ती नॅनोमीटरमध्ये सांगतात. हरितद्रव्याला आवडणारा लाल साधारण ६४० ते ६८० नॅनोमीटरचा, आणि निळा ४३० ते ४६० च्या आसपासचा. दिव्याच्या खोक्यावर '६६०' आणि '४५०' हे आकडे दिसतात, ते याचसाठी.

मग लाल जास्त का, निम्मा-निम्मा का नाही? याची दोन कारणं.

पहिलं कारण हिशोबाचं. उजेड कणाकणांनी येतो, आणि शेवाळ ते कण मोजून काम करतं. निळ्या कणात ऊर्जा जास्त असते, पण जास्तीची ऊर्जा शेवाळाच्या उपयोगी पडत नाही, ती उष्णता होऊन जाते. तेवढ्याच ऊर्जेच्या उजेडात निळ्यापेक्षा लाल कण जवळजवळ दीडपट मिळतात. म्हणजे वीज तेवढीच आणि खाद्य दीडपट.

दुसरं कारण पाण्याचं. समुद्रात लाल उजेड लवकर विरतो. अगदी नितळ पाण्यातही पाच मीटर खाली ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडाचा जेमतेम आठवा भाग उरतो. निळा मात्र खोलवर पोचतो. प्रवाळांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं त्या निळ्या उजेडाशी जुळवून घेतलेली असतात, म्हणून वरच्या टाकीवर आपण निळसर दिवे लावतो. पण खालच्या जाळीवर पाण्याचा थर किती? एक-दोन मिलिमीटर. तिथे लाल उजेड विरायला जागाच नाही. म्हणून वरच्या टाकीचा नियम खालच्या गाळणीला लावू नका. प्रवाळांसाठी घेतलेला निळा दिवा जुना झाला म्हणून तो गाळणीवर बसवला, तर शेवाळ उगवेल, पण विजेच्या मानाने पीक कमी येईल.

थोडा निळा तरीही हवा. हरितद्रव्य तोही वापरतं, आणि वाढीचं वळण ठरवणाऱ्या काही संकेतांसाठी वनस्पतींना निळा उजेड लागतो. चार लाल दिव्यांमागे एक निळा, हे प्रमाण घरगुती गाळणीला पुरतं.

आणि हिरवा? तो अगदीच वाया जातो असं नाही. शेवाळाचा थर जाड झाला की लाल-निळा वरच्या वरच गिळला जातो, हिरवा मात्र आत झिरपतो आणि खालच्या धाग्यांना मिळतो. त्यामुळे पांढऱ्या दिव्याला तुच्छ लेखायचं कारण नाही. फक्त पांढऱ्यात दोन प्रकार असतात. पिवळसर पांढरा, ज्याच्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेलं असतं, त्यात लाल भाग बऱ्यापैकी असतो. तो घ्या. ६५०० के किंवा त्याहून वरचा निळसर पांढरा घेऊ नका, त्यात लाल कमी असतो. पिवळसर पांढऱ्याचा एक फायदा असा की त्या उजेडात शेवाळाचा खरा रंग दिसतो. जांभळ्या उजेडात सगळंच काळं दिसतं.

(छोटी धून)

इथे एक सावधगिरीची गोष्ट. दिवा निवडताना डोळ्यांवर विसंबू नका.

माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वात तीक्ष्ण असतो. ६६० चा लाल त्याला मंद वाटतो. त्यामुळे दुकानात दोन दिवे शेजारी लावले तर पांढरा लखलखीत आणि लाल मरतुकडा दिसेल. शेवाळाच्या लेखी गोष्ट उलट असू शकते. मोबाइलमधलं उजेड मोजायचं ॲप लक्समध्ये मोजतं, आणि लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावरून बेतलेलं आहे. लाल-निळ्या दिव्यांना ते निरुपयोगी. मंद दिसतो म्हणून लाल दिव्याकडे टक लावूनही पाहू नका, डोळ्याला वाटतो त्यापेक्षा तो फार प्रखर असतो.

वॅटच्या आकड्यातही फसगत होते. खोक्यावर 'शंभर वॅटच्या बरोबरीचा' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. प्रत्यक्ष वीज किती खातो, ते बारीक अक्षरांत असतं. आपल्याला तो बारीक अक्षरांतला आकडा हवा. आणि नुसतं 'लाल' लिहिलंय की '६६०' लिहिलंय, हेही पाहा. ६३० चा लाल दिवा डोळ्याला जास्त उजळ दिसतो आणि चालतोही, पण पर्याय असेल तर ६६० घ्या.

आता किती मोठी गाळणी आणि किती उजेड? छंदिष्टांमध्ये एक रूढ ठोकताळा आहे. टाकीत किती लिटर पाणी आहे ते सोडा, रोज किती खायला घालता ते बघा. गोठवलेल्या अन्नाच्या एका क्यूबमागे दोन्ही बाजूंनी उजेड पडणारी साधारण ७५ ते ८० चौरस सेंटीमीटर जाळी. दोन क्यूब घालत असाल तर साडेबारा सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद. पाण्याचा प्रवाह जाळीच्या रुंदीच्या दर सेंटीमीटरला तासाला ५० लिटरच्या आसपास, म्हणजे आपल्या या जाळीला तासाला सव्वासहाशे लिटर. आणि दिवे दोन्ही बाजू मिळून खरे १० ते १२ वॅट. रोज १४ तास चालवले तर बारा वॅटचा दिवा महिन्याला पाच युनिट खाईल. वीजबिलाची चिंता इथे करू नका, ती चिलरसाठी राखून ठेवा.

दिवा चोवीस तास लावू नका. जाळीवरच्या शेवाळाला सहा-आठ तास अंधार मिळू द्या. नव्या जाळीला तर पहिले काही दिवस आठ-नऊ तासच उजेड द्या. जाळी गुळगुळीत असेल तर करवतीच्या पात्याने खरवडून घ्या, नाहीतर शेवाळ धरत नाही. चांगलं हिरवं पीक यायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

त्यानंतर मीटरपेक्षा शेवाळच तुम्हाला सांगतं. जाळीवर काळपट, तपकिरी चिकट थर येत असेल तर पाण्यात खत जास्त आहे आणि उजेड कमी पडतोय. तास वाढवा किंवा दिवा जवळ आणा. पिवळट, रबरासारखं शेवाळ येत असेल किंवा दिव्यासमोरचा भाग पांढरा पडत असेल तर उजेड जास्त होतोय. तास कमी करा किंवा दिवा लांब न्या. पोपटी-हिरवे केसांसारखे धागे आले की समजा जमलं. लाल दिव्याच्या बाबतीत ही चूक फार होते: मंद दिसतो म्हणून माणूस दुप्पट दिवे लावतो आणि शेवाळ भाजून काढतो.

पाण्याची तपासणी मात्र सोडू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचे नसतात, प्रवाळांनाही ते थोडे लागतात. दोन्ही अगदी तळाला गेले तर दिव्याचे तास कमी करा.

(छोटी धून)

आता खास दोह्याच्या घरांबद्दल.

आपली घरं उन्हाळ्यात महिनोन्महिने बंद असतात. खिडक्या लावलेल्या, एसी चालू. माणसांच्या श्वासाने खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, तो टाकीच्या पाण्यात उतरतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. रात्री वरचे दिवे बंद झाले की तो आणखी उतरतो, कारण मग मासे, प्रवाळं आणि जिवाणू सगळे नुसतेच श्वास घेत असतात. म्हणून गाळणीचा दिवा रात्री लावा. वरची टाकी झोपली की खालचं शेवाळ जागं. ते रात्रभर कार्बन डायऑक्साइड खाईल, प्राणवायू सोडेल, आणि पीएच फारसा घसरणार नाही. टायमर लावला की झालं.

दुसरी गोष्ट पाण्याची. जाळीवरून वाहणाऱ्या पाण्याची वाफ जास्त होते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा वाढतो. ही तूट नेहमी गोड, गाळून शुद्ध केलेल्या पाण्याने भरा. नळाचं पाणी समुद्राचं गोड केलेलं असलं तरी टाकीसाठी ते घरच्या आरओ-डीआय फिल्टरमधून काढलेलं बरं. आणि समुद्र जवळ आहे म्हणून तिथून बादली भरून आणू नका. कतारच्या किनाऱ्याचं पाणी मोकळ्या महासागरापेक्षा बरंच खारट आहे, आणि उन्हाळ्यात ते तापून ३४-३५ अंशांवर जातं. इथली स्थानिक प्रवाळं ते सोसतात. दुकानातून आणलेली इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडची प्रवाळं सोसणार नाहीत.

तिसरी गोष्ट विजेची. खारं पाणी आणि २४० व्होल्ट एका कपाटात आहेत हे विसरू नका. दिवा पाण्यापासून सुरक्षित, म्हणजे निदान आयपी ६५ चा घ्या. वायर प्लगकडे जाताना एकदा प्लगच्या खाली झुकू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. गळती होताच वीज तोडणारा स्विच सर्किटवर आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गाळणीभोवती काळा ॲक्रिलिकचा आडोसा करा, नाहीतर उजेड बाहेर सांडेल तिथे, पाइपात, पंपात, सगळीकडे शेवाळ होईल.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यांत जिव्हाळ्याची. शाळांना सुट्टी लागली की आपण गावी जातो. महिना-दीड महिना टाकी शेजाऱ्याच्या भरवशावर. बऱ्याच टाक्या याच काळात जातात, कारण शेजारी मायेने जास्त खायला घालतो. जायच्या निदान दोन महिने आधी गाळणी बसवा म्हणजे ती रुळलेली असेल. अन्नाच्या पुड्या रोजच्या रोज वेगळ्या बांधून ठेवा. जाळी कशी काढायची, कशी खरवडायची, हे शेजाऱ्याला एकदा समोर करून दाखवा: पंप बंद, जाळी बाहेर, बेसिनमध्ये साध्या पाण्याखाली धरून खरवडायची, थोडा हिरवा थर ठेवायचा, परत लावायची. साध्या पाण्याने शेवाळ खाणारे बारीक किडेही मरतात. दहा मिनिटांचं काम आहे. मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवलात तर उत्तम.

जाता जाता दोन जबाबदारीच्या गोष्टी. काढलेलं शेवाळ कचऱ्यात टाका. समुद्रात किंवा गटारात नाही. १९८४ मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात मत्स्यालयांतलं कॉलर्पा जातीचं शेवाळ आढळलं आणि पुढे ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं. तेच कॉलर्पा काही जण सम्पमध्ये ठेवतात. ते कधी कधी एका रात्रीत विरघळून साठवलेलं सगळं खत पाण्यात परत सोडतं. त्यापेक्षा जाळी किंवा चेटोमॉर्फा बरा.

दुसरं, कायमचं गावी परतताना टाकी सोबत न्यायचा विचार करू नका. कठीण प्रवाळांची देशोदेशी ने-आण साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याशिवाय करता येत नाही. भारतात तर २००१ पासून ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रातली प्रवाळंही त्यातच आली. शोभेचा सुका तुकडासुद्धा बॅगेत टाकू नका. निघण्याआधी इथल्याच एखाद्या जाणत्या टाकीवाल्याकडे प्रवाळं सोपवा.

तर मंडळी, थोडक्यात. गाळणीला ६६० चा लाल, सोबत चाराला एक ४५० चा निळा. नाहीतर २७०० ते ३००० के चा पिवळसर पांढरा. दिवा रात्री लावा, मधे अंधार ठेवा, आणि जाळीवरचं शेवाळ बघून तास कमी-जास्त करा. महागडा जांभळा दिवा घेऊन जाळी खरवडायचा कंटाळा केलात, तर नायट्रेट टाकीतच राहील. साधा दिवा लावून दर आठवड्याला जाळी साफ केलीत, तर पाणी स्वच्छ राहील.

आजच्यापुरतं इतकंच.